तुमचा प्रश्न, ताईचं उत्तर : कॉम्प्युटर आपल्या सोयीनं लावून घ्यायचा कसा

या महिन्यात आलेले मेसेज वाचायला बसले तर जवळपास सगळेच एका विषयावरचे निघाले. घरात कोणाला दिसायला कमी येतं, कोणाचा हात थरथरतो, कोणाला ऐकू येत नाही, आणि कॉम्प्युटर तर रोजच लागतो, मग करायचं काय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि ही पानं पूर्ण यालाच देते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर प्रत्येक उत्तरात लिहावी लागेल. सेटिंग बदलताना खुर्चीत तोच माणूस बसलेला पाहिजे ज्याला तो कॉम्प्युटर वापरायचा आहे, आणि माऊस-कीबोर्ड त्याच्याच हातात पाहिजे. घरातला पोट्टा येतो, फटाफट सात-आठ गोष्टी चालू करतो आणि कॉलेजला निघून जातो, मग त्यातली कामाची कोणती होती आणि कोणत्या गोष्टीनं त्रास वाढला हे कोणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच बदल करा, दोन-तीन दिवस वापरू द्या, मग दुसरा. आणि हे सगळं कुठे सापडतं तर विंडोजची की दाबून धरायची आणि यू दाबायचं, ॲक्सेसिबिलिटीचं पान उघडतं. विंडोज १० मध्ये त्याच पानाला ईझ ऑफ ॲक्सेस म्हणतात. खाली सांगितलेलं बरंचसं तिथेच आहे, विकत घ्यायची गरज फार कमी वेळा पडते.

प्रश्न : ताई नमस्कार. माझे बाबा ७४ वर्षांचे, हेडमास्तर म्हणून रिटायर झाले. त्यांना काचबिंदू आहे, ऑपरेशन झालं, ड्रॉप चालू आहेत. रोज सकाळी कॉम्प्युटरवर पेपर वाचतात आणि गावच्या आठवणी टाइप करून राहिले होते. आता दिसणं फार कमी झालं. भावानं रिझोल्युशन कमी करून दिलं तर अक्षरं मोठी झाली पण धूसर दिसतात. मग मॅग्निफायर लावून दिला तर बाबा म्हणतात मी हरवून जातो त्याच्यात. आठवडा झाला, त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. मोठा मॉनिटर घेऊ का? — नंदनवनहून एक मुलगी

उत्तर : मॉनिटरचे पैसे सध्या राहू द्या. पहिले तर रिझोल्युशन होतं तसं परत करा, लिस्टमध्ये ज्याच्यापुढे रेकमेंडेड लिहिलेलं असतं ते. आजकालच्या सपाट स्क्रीनचे ठिपके ठरलेले असतात, रिझोल्युशन कमी केलं की तीच अक्षरं ओढून-ताणून त्या ठिपक्यांवर बसवली जातात आणि कडा पुसट होतात. इंग्रजी एकवेळ वाचता येतं पण आपल्या मराठीत मात्रा, रफार, जोडाक्षरं, सगळी गंमत त्या बारीक रेघांतच, तीच पुसट झाली तर "कर्म" काय आणि "काम" काय, अंदाजच लावायचा. त्याऐवजी डिस्प्लेमध्ये स्केल आहे, तो १२५ किंवा १५० टक्के करा, अक्षर मोठं होतं आणि धारही टिकते. फक्त अक्षरंच मोठी हवी असतील तर ॲक्सेसिबिलिटीत टेक्स्ट साइजची पट्टी आहे, ती २२५ टक्क्यांपर्यंत जाते.

आता बाबा "हरवून जातो" म्हणाले ना, ते अगदी बरोबर बोलले आणि ते नीट ऐकायला पाहिजे. काचबिंदूत साधारणपणे नजर कडेकडून कमी होत जाते, मधलं बरंच दिवस टिकतं, म्हणजे माणूस नळीतून पाहिल्यासारखं पाहतो. अशा माणसापुढे सगळी स्क्रीन तीन-चारपट मोठी केली तर त्याच्या नजरेत एका वेळी जेमतेम दोन शब्द मावतात, ओळ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते कळत नाही. उलट ज्यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडतो, वयामुळे होणाऱ्या मॅक्युलाच्या (डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या) आजारात होतो तसा, त्यांना मोठ्यात मोठं अक्षर कामाचं असतं. म्हणजे "कमी दिसतं" हे दोघांचं सारखं पण उपाय उलटसुलट. म्हणून शेजारच्या काकांना जे चाललं ते बाबांना चालेलच असं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरला पुढच्या वेळी स्पष्ट विचारा की नजर कडेची गेली की मधली, आणि किती.

बाबांसाठी मी असं करून पाहीन. स्केल १२५ टक्के, त्याच्यावर नाही. मॅग्निफायर ठेवायचाच असेल तर पूर्ण स्क्रीनवाला नाही, त्यात डॉक्डचा प्रकार असतो, कंट्रोल, ऑल्ट आणि डी एकत्र दाबलं की येतो, वरच्या पट्टीत मोठं दिसतं आणि खाली पूर्ण पान जसंच्या तसं राहतं, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळत राहतं. मॅग्निफायर विंडोज की आणि प्लसनं चालू होतो, विंडोज की आणि एस्केपनं बंद, हे दोन बाबांना स्वतःला पाठ पाहिजेत, कारण बंद करता येत नसेल तर माणूस घाबरतो आणि मग हातच लावत नाही. मॅग्निफायर चालू असताना कंट्रोल, ऑल्ट आणि आय दाबलं की रंग उलटे होतात, काळ्यावर पांढरं, ज्यांना पांढऱ्या पानाची चमक डोळ्यात जाते त्यांना याचा फार आराम पडतो. माऊसचा बाण मोठा आणि पिवळा किंवा हिरवा करा. टाइप करताना जी बारीक उभी रेघ लुकलुकते ती तर काचबिंदूवाल्यांना सापडतच नाही, त्यासाठी टेक्स्ट कर्सर इंडिकेटर आहे, रेघेच्या वर-खाली रंगीत खूण येते. आठवणी लिहिणाऱ्या माणसाला हीच एक सोय सगळ्यात जास्त कामी पडेल असं मला वाटतं.

टेबल कुठे आहे तेही पाहा. आपल्याकडे मार्चपासून जे ऊन सुरू होतं ते खिडकीतून सरळ स्क्रीनवर पडत असेल तर कोणतंच सेटिंग पुरत नाही. खिडकी बाजूला आली पाहिजे, पाठीमागे नाही आणि समोरही नाही.

पेपरचं म्हणाल तर वाचण्याऐवजी ऐकायला काय हरकत आहे. एज ब्राउझरमध्ये बातमी उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबलं की तो वाचून दाखवतो, मराठीत आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत. इंटरनेट चालू पाहिजे. फक्त ई-पेपरचं पान बऱ्याचदा नुसता फोटो असतो, ते वाचलं जात नाही, त्याच पेपरची वेबसाइट उघडायची.

प्रश्न : माझी मुलगी जन्मापासून पूर्ण अंध आहे, बीए झाली, आता एमपीएससीची तयारी करते. मोबाइलवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय) तिला छान येतं पण कॉम्प्युटरवर बसली की अडते. क्लासवाले म्हणाले तिथे तसंच वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर विकत घ्यावा लागतो आणि महाग असतो. एकानं फुकटवाला टाकून दिला तर तो इंग्रजी वाचतो पण नोट्सच्या मराठी फायली वाचताना काहीच्या काही बडबडतो, काही फायलींवर तर चूपच बसतो. मराठी कॉम्प्युटर वाचतच नाही का? आणि परीक्षेत तिनं रायटरच (ती सांगेल ते लिहिणारा माणूस) घ्यायचा का? — मानेवाड्याहून एक आई

उत्तर : वाचतो, चांगला वाचतो. दोष तुमच्या कॉम्प्युटरचा नाही आणि मुलीचा तर नाहीच, तो फाइल बनवणाऱ्याचा आहे. सविस्तर सांगते कारण हा त्रास आपल्याकडे शिकणाऱ्या जवळपास प्रत्येक अंध मुला-मुलीला आहे.

महागडा स्क्रीन रीडर म्हणजे जॉज, तो चांगलाच आहे, पण फुकटवाला म्हणजे एनव्हीडीए, आणि तो काही कमअस्सल नाही. मायकेल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या तरुणानं २००६ मध्ये तो लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह त्याला येऊन मिळाला, दोघंही स्वतः अंध, आणि पैशाअभावी कोणी अडू नये म्हणूनच तो फुकट ठेवला. आज जगभरचे लोक त्यावर नोकऱ्या करतात. त्याच्यासोबत ईस्पीक नावाचा आवाज येतो आणि त्यात मराठी आहे. एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट, ती आणि कंट्रोल आणि व्ही दाबलं की आवाजाचं पान उघडतं, तिथे मराठी निवडायचं. पहिल्यांदा ऐकलं की घरचे म्हणतात हे काय यंत्रासारखं बोलतं बाप्पा. बोलू द्या. तो आवाज वेग वाढवला तरी स्पष्ट राहतो, आणि दोन महिन्यांत तुमची मुलगी इतक्या वेगानं ऐकेल की तुम्हाला एक शब्द कळणार नाही.

मोबाइलवर बोट फिरवून शिकलेल्या मुली कॉम्प्युटरवर अडतात कारण इथे स्क्रीनला हात लावायचा नसतो, सगळं कीबोर्डवरून. पहिल्या दिवशी एनव्हीडीए की आणि १ दाबून ठेवून द्या, मग ती कोणतीही की दाबेल तिचं नाव आणि काम तो बोलून दाखवेल, काही बिघडायची भीती नाही, परत तेच दाबलं की बंद. एफ आणि जे वर उंचवटा असतो, बोटं तिथे ठेवायची. कंट्रोल दाबलं की बोलणं थांबतं, हे तर पहिल्या पाच मिनिटांत शिकवा. वेबसाइटवर एच दाबलं की एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी, के नं लिंक, एफ नं फॉर्मचा रकाना. बरेच जण बाणानं एकेक ओळ ऐकत बसतात आणि कंटाळून सोडून देतात, त्यांना कोणी एच सांगितलेलंच नसतं.

आता मराठी फायलींचं. मराठी दोन प्रकारे टाइप होत आली. जुन्या पद्धतीत, कृतिदेव, श्रीलिपी वगैरे, कॉम्प्युटरच्या पोटात खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फक्त फॉन्ट त्यावर मराठीचा चेहरा चढवतो. डोळ्यांना मराठी दिसते, स्क्रीन रीडरला मात्र आतली एबीसीडीच दिसते आणि तो बिचारा तीच वाचतो. दुसरी पद्धत युनिकोड, त्यात क म्हणजे कच असतो, ते तो बरोबर वाचतो. ओळखायचं सोपं, फाइलमधल्या दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, मराठी राहिली तर युनिकोड, इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर जुना फॉन्ट. कचरा निघाला तर इंटरनेटवर कन्व्हर्टर मिळतात, कोणता फॉन्ट ते सांगून युनिकोड करून घ्यायचं, आणि नंतर एकदा कोणीतरी डोळस माणसानं नजर फिरवायची कारण जोडाक्षरांत गडबड होते.

ज्या फायलींवर तो चूप बसतो त्या स्कॅन केलेल्या, म्हणजे पानांचे फोटो. त्या गूगल ड्राइव्हवर टाका, मग त्या फायलीवर ओपन विथ गूगल डॉक्स करा, फोटोतून अक्षरं काढून देतो आणि मराठीसुद्धा बरीच नीट काढतो. रकाने आणि तक्ते मात्र विस्कटतात. हे काम दर वेळी तुम्ही करू नका, तिलाच करू द्या, सगळं कीबोर्डवरून होतं. आणि क्लासवाल्यांना एकदा हात जोडून सांगा की बाप्पा, नोट्सची मूळ वर्ड फाइल द्या, ती तुमच्याजवळ असतेच, प्रिंट काढून परत स्कॅन कशाला करता. बहुतेक जण ऐकतात, त्यांना माहीतच नसतं. सुगम्य पुस्तकालय पण पाहा, २०१६ ला सुरू झालेली ऑनलाइन लायब्ररी आहे, अंध आणि ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठीच, मराठी पुस्तकंही आहेत, सर्टिफिकेट देऊन मेंबर व्हायचं. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ला बदल झाला, तेव्हापासून दिव्यांग वाचकांसाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात आणणं कायदेशीर आहे, म्हणून कोणी दबकत दबकत पुस्तक स्कॅन करून द्यायची गरज नाही.

टायपिंगला मी इन्स्क्रिप्ट नावाचा मराठी कीबोर्ड सांगेन. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, एका आवाजाला एक जागा. इंग्रजी स्पेलिंगमधून मराठी करणारे कीबोर्ड दर शब्दाला सुचवण्यांची पट्टी काढतात, ती डोळस माणसाला सोय, हिला मात्र मध्येच अडथळा.

परीक्षेबद्दल. रायटर हा एकच रस्ता नाही. केंद्राच्या दिव्यांग विभागानं २९ ऑगस्ट २०१८ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली होती, त्यात ब्रेल, कॉम्प्युटर, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका अशी निवड करू देण्याचं, तासाला किमान २० मिनिटं जास्तीच्या वेळेचं आणि कॉम्प्युटर एक दिवस आधी तपासून पाहू देण्याचं लिहिलेलं होतं, २०२५ मध्ये त्यांच्या जागी नवी आली. प्रत्येक परीक्षेची जाहिरात आली की त्यात नेमकं काय देणार ते वाचा आणि फॉर्म भरतानाच मागणी नोंदवा, हॉलवर जाऊन भांडण्यात तिचीच शक्ती जाते. सराव मात्र दोन्हीचा ठेवावा. आणि फॉर्मची वेबसाइटच स्क्रीन रीडरला वाचता येत नसेल तर ती तिची कमतरता समजून गप्प बसू नका, लेखी तक्रार करा. सुप्रीम कोर्टानं ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सांगितलं आहे की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तक्रारीत ही ओळ टाका.

प्रश्न : सासऱ्यांना पार्किन्सन्स आहे. आवडीनं हिशेब एक्सेलमध्ये लिहितात पण एक की दाबायला गेले की चार वेळा उमटते. परवा अचानक कीबोर्ड मेला, किती दाबा काही उमटेना, दुकानदार म्हणे नवीन घ्या. नवीन आणला, चार दिवस चालला, तो पण तसाच झाला! काहून होऊन राहिलं असं? — महालातून एक सून

उत्तर : तुमचे दोन्ही कीबोर्ड चांगले आहेत, जुना फेकला नसेल तर सांभाळून ठेवा. उजवीकडची शिफ्ट आठ सेकंद दाबली गेली की विंडोजमध्ये फिल्टर कीज चालू होतं, त्यानंतर हलकासा, पटकन लागलेला स्पर्श कॉम्प्युटर मोजतच नाही, की जरा वेळ दाबून धरावी लागते, म्हणून वाटतं की कीबोर्ड गेला. थरथरत्या हाताचा आधार शिफ्टवर राहतो आणि हे होतं. परत तसंच आठ सेकंद धरा, बंद होईल.

पण गंमत बघा, ही सोय त्यांच्यासारख्यांसाठीच केलेली आहे, फक्त त्यांच्या हाताच्या मापानं लावलेली नाही. सेटिंगमध्ये फिल्टर कीज उघडा. त्यात एक भाग आहे तो एकाच कीचे लागोपाठचे दणके मोजत नाही, त्याला बाउन्स कीज म्हणतात, सासऱ्यांना तोच पाहिजे, अर्ध्या सेकंदापासून सुरू करून लागेल तसं हळूहळू वाढवा. स्पर्शाला उशीर लावणारा भाग बंद ठेवा. आणि शिफ्ट धरून चालू होण्याचा शॉर्टकट काढून टाका म्हणजे आपोआप काही होणार नाही.

माऊसचा वेग कमी करा. डबल क्लिकची सक्तीच नाही, एकदा क्लिक करून एंटर दाबलं तरी फाइल उघडते, हे किती तरी लोकांना कोणी सांगत नाही. ओढून न्यायचं असेल तर माऊसच्या जुन्या प्रॉपर्टीजमध्ये क्लिकलॉक आहे, थोडा वेळ दाबलं की बटण दाबलेलंच राहतं, मग हात मोकळा. थोडे पैसे खर्च करायचेच असतील तर ट्रॅकबॉल माऊस घ्या, तो जागेवर बसलेला असतो, फक्त वरचा गोळा फिरवायचा. आणि कीगार्ड, म्हणजे कीबोर्डवर बसणारी भोकांची पट्टी, तिच्यावर हात टेकून बोट नेमक्या भोकात घालता येतं, ॲक्रिलिकच्या नेमप्लेट कापून देणारे कीबोर्डच्या मापानं कापून देऊ शकतात. तो कीबोर्ड मग बदलायचा नाही, दुसऱ्या कंपनीचं माप बसत नाही.

अजून एक, याचा सेटिंगशी संबंध नाही. पार्किन्सन्सच्या गोळीचा असर चढतो आणि उतरतो. हिशेबाला बसायची वेळ हात बरा असतो त्या तासांत ठेवा. त्यांनाच विचारा, त्यांना ती वेळ बरोबर माहीत असेल.

प्रश्न : आईला लकवा मारला, उजवा हात चालत नाही. भजनी मंडळाची वही तीच टाइप करायची. डाव्या हातानं शिफ्ट धरून दुसरी की दाबणं जमत नाही. आणि तो शिफ्ट दाबला की एक डबा येतो मध्येच, तो कायमचा बंद कसा करू? — जरीपटक्याहून

उत्तर : तो डबा बंद करू नका, तोच तुमच्या आईच्या कामाचा आहे! शिफ्ट पाच वेळा दाबली की तो स्टिकी कीज चालू करू का विचारतो. हो म्हणा. मग शिफ्ट दाबून सोडून द्यायची आणि नंतर दुसरी की दाबायची, दोन्ही एकदम धरायची गरज नाही, कंट्रोल आणि ऑल्टलाही तेच. माऊस डाव्या बाजूला घेऊन त्याची बटणं सेटिंगमधून उलटी करा.

भजनं तर बोलूनही लिहिता येतील, आईचं बोलणं स्पष्ट असेल तर. गूगल डॉक्स क्रोममध्ये उघडा, टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग आहे, भाषा मराठी निवडा. जुन्या अभंगांचे शब्द तो आजच्या मराठीत ओढतो, तिथे हातानं सुधारावं लागेल. पण लकव्यानंतर बोलणं अडखळत असेल तर तिच्यावर याची सक्ती करू नका, यंत्राला आपलं बोलणं कळत नाही हे दहादा पाहिलं की माणूस खचतो. एका हातानं हळू टाइप केलेलं जास्त चांगलं.

प्रश्न : मी मिहानमध्ये एका कंपनीत आहे, दोन्ही कानांनी खूप कमी ऐकू येतं, मशीन लावतो. समोरासमोर ओठ वाचून काम चालतं पण ऑनलाइन मीटिंगमध्ये अर्धं निसटतं. सगळे हिंदी-इंग्रजी-मराठी मिसळून बोलतात. मागितलं तर नोकरीवर परिणाम होईल का याची भीती वाटते.

उत्तर : आधी भीतीचं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या नियमांप्रमाणे वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या खासगी कंपनीलाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं, आणि त्यात दिव्यांग कर्मचाऱ्याला कोणत्या सोयी देणार ते लिहायचं असतं. तुमच्या एचआरला मेल करून ते धोरण मागा, हातात आलं की त्यातलं वाक्य दाखवून मागणी करा, म्हणजे मेहेरबानी मागितल्यासारखं वाटणार नाही. मेलवरच करा, तोंडी नको.

मागायचं काय तर कॅप्शन, म्हणजे बोललेलं स्क्रीनवर लिहून दाखवणारी पट्टी, चालू ठेवायला, मीटिंगचे मुद्दे आधी लिहून पाठवायला, आणि एका वेळी एकानंच बोलायला. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाची. कॅप्शनमध्ये बोलणाऱ्याची भाषा निवडावी लागते, इंग्रजी ठेवून लोक हिंदीत बोलले तर जे उमटतं त्याला अर्थच नसतो, म्हणून निदान महत्त्वाची मीटिंग कोणत्या एका भाषेत होणार ते ठरवून घ्या. विंडोज ११ मध्ये विंडोज की, कंट्रोल आणि एल दाबलं की लाइव्ह कॅप्शनची पट्टी येते, कॉम्प्युटरवर जे बोललं जाईल ते लिहून दाखवते, इंग्रजी मीटिंग आणि ट्रेनिंगच्या व्हिडिओला फार छान. मराठीसाठी अँड्रॉइड फोनवर लाइव्ह ट्रान्स्क्राइब घ्या आणि फोन स्पीकरच्या अगदी जवळ ठेवा, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून उपयोग नाही. समोरच्यांनी लॅपटॉपचा माइक सोडून हेडसेट वापरला तर कॅप्शन लगेच सुधारतात.

नोटिफिकेशनचा टिंग ऐकू येत नसेल तर ॲक्सेसिबिलिटीत ऑडिओमध्ये स्क्रीन चमकवायचं बटण आहे. आणि तुमचा एक कान दुसऱ्यापेक्षा बरा असेल तर तिथेच मोनो ऑडिओ चालू करा, दोन्ही बाजूंचा आवाज त्या एका कानात पूर्ण येतो.

प्रश्न : माझा हिंगणा रोडला कॉम्प्युटर क्लास आहे. व्हीलचेअरवरची एक मुलगी आणि एक अंध मुलगा ॲडमिशनसाठी आले. घ्यायची इच्छा आहे पण तयारी काहीच नाही, किती खर्च येईल?

उत्तर : घ्या, दोघांनाही घ्या. सॉफ्टवेअरचा खर्च शून्य धरा. एनव्हीडीए पेन ड्राइव्हवरूनही चालतो, पण तुम्ही निदान एका मशीनवर नीट इन्स्टॉल करा आणि त्याच्या सेटिंगमध्ये साइन-इनच्या स्क्रीनवरही बोलायचं बटण आहे ते चालू करा, नाहीतर पासवर्ड टाकायलाच त्याला रोज कोणाला तरी हाक मारावी लागेल. बऱ्याच क्लासमध्ये मशीन रीस्टार्ट केलं की सगळं मूळ रूपात आणणारं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं, त्यात याचे आवाज-वेगाचे सेटिंग रोज पुसले जातात, ते मशीन त्यातून वगळा. चांगला हेडफोन एक. शिकवणाऱ्या सरांना सांगा की "इथे क्लिक करा, तिथे बघा" असं बोलायचं नाही, कीचं नाव आणि मेनूचं नाव घेऊन बोलायचं, याचा फायदा बाकीच्या पोरांनाही होतो.

मुलीसाठी खर्च दारातला आहे. पायरीवर उतार करायचा, एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा, त्याहून उभा केला तर तिला स्वतःला चढता येत नाही आणि ओली फरशी असली की घसरायची भीती. टेबलाखाली गुडघे जाऊ द्या, तिथला सीपीयूचा स्टँड आणि वायरी काढा. आणि बाथरूमचं दार एकदा मापा, बऱ्याच ठिकाणी सगळं करून झालं की खुर्ची तिथेच अडते आणि मुलगी दिवसभर पाणी न पिता बसते, तेही आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात.

तुम्हाला स्वतःला शिकायचं असेल तर दक्षिण अंबाझरी रोडवरच्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनमध्ये जाऊन भेटा, केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं कंपोझिट रिजनल सेंटरही नागपुरात आहे, तिथे सल्ला मिळेल. त्या दोघांचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलेलं नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून द्या, तुमच्याकडे कॉम्प्युटर आहेत आणि एडिपसारख्या उपकरणांच्या योजनांना कागद लागतातच. बॅच सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दोघांना तासभर बोलवा आणि मशीनवर बसवून विचारा की काय अडतं, मला लिहिण्यापेक्षा तुम्हाला त्यांच्याकडूनच जास्त कळेल. जे अडलं ते मात्र मला कळवा, पुढच्या अंकात घेते.